गाळ धरलेलं टर्बो इंजिन: आधी जाळी बघा, मग धुवा

दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली वेगवान गाडी. रंग आरशासारखा, टायर नवे, मीटरवर रनिंग बेताचं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, खाली उतरवलं की मात्र तळाला डांबर. हे दृश्य मला आता पाठ झालंय. मालकाची समजूत असते की ऑइल खराब झालं म्हणून इंजिन गेलं. पण खराब ऑइलवरही इंजिन बरेच दिवस तग धरतं. ऑइल पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, ती गाळाने बुजली की मग त्याचं काही खरं नसतं. खाली जे जे तपासायला सांगतोय, त्या सगळ्याचा रोख शेवटी त्या मूठभर जाळीकडे आहे.

लक्षणं

सगळ्यात गंभीर लक्षण आधी सांगतो, कारण लोक नेमकं त्यालाच वायरिंगचा दोष समजतात. गाडी चांगली तासभर पळवून सिग्नलला थांबलात, इंजिन आयडलला आलं आणि लाल ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकला. थोडा ॲक्सिलरेटर दिला की गेला. असं एकदा जरी झालं असेल तर पुढचं वाचेपर्यंत गाडी चालवू नका.

बाकीची लक्षणं हळूहळू येतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद टायमिंग चेनची खडखड. इंजिन गरम झाल्यावर हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) टिकटिक. ऑइलची पातळी दर हजार किलोमीटरला ठळकपणे उतरणं. लांब उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर. टर्बोची शिट्टी पूर्वीपेक्षा तीक्ष्ण. चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरवर पी००११ किंवा पी००२१ असे कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंगचे कोड. एकाच महिन्यात दोन-तीन सील गळायला लागणं किंवा डिपस्टिक आपोआप वर सरकलेली सापडणं.

आणि पुष्कळदा काहीच लक्षण नसतं. गाळ वर्षानुवर्षं आवाज न करता साठतो.

असल्या गाड्यांतच का?

ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट अशी दोन प्रकारची रसायनं मिसळलेली असतात. पहिलं धातूवर चिकटा बसू देत नाही, दुसरं काजळीचे कण सुटे सुटे तरंगत ठेवतं. उष्णता, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरणारे जळके वायू, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ यांच्याशी झुंजताना ही रसायनं संपतात. ती संपली की कण एकमेकांना धरतात आणि ऑइलची आधी खीर होते, मग जेली, मग कोळसा.

टर्बो गाडीत हे सगळं भराभर होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला तेच ऑइल थंड ठेवतं. गाडी पिदडून आल्या आल्या इंजिन बंद केलं की तिथे अडकलेलं ऑइल जागीच करपतं. त्यात कुणी रीमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवलेला असेल तर उष्णता आणखी वाढते.

दुसरं टोक म्हणजे जपून ठेवलेली गाडी. आठवड्यातून एकदा चार किलोमीटर फिरवायची आणि परत झाकून ठेवायची. ऑइल पुरतं तापतच नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून 'रनिंग कमी आहे' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. पळवलेल्या गाडीपेक्षा अशा गाडीच्या झाकणाखाली मला जास्त चिखल दिसलाय.

काही इंजिनांची तर रचनाच गाळाला पोषक होती. १९९९ ते २००३ च्या दरम्यानच्या साब ९-५ आणि ९-३ मध्ये धूर साफ करणारा, भयंकर तापणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चेंबरच्या अगदी जवळून जात असे आणि ब्रीदरची (इंजिनातले वायू बाहेर काढणाऱ्या वाटेची) मूळ व्यवस्था कमकुवत होती. त्याच सुमाराच्या फोक्सवॅगन पसाट आणि ऑडी ए४ मधल्या १.८ टर्बोत, म्हणजे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांत, ऑइलचा साठाच अपुरा पडत होता. तिथे नंतर मोठा फिल्टर वापरायला सांगितलं गेलं. दोन्हीकडे कंपन्यांनी या दोषापुरती हमी आठ वर्षांपर्यंत वाढवली, पण ऑइल वेळेवर बदलल्याचे कागद दाखवणाऱ्यांसाठी. कागदाचं महत्त्व तेव्हाही होतं. आपली पहिली तपासणी तीच.

१. कागद

सर्व्हिस बुकातला शिक्का मी पुरावा मानत नाही. बिलं बघा. प्रत्येक बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं पूर्ण नाव असायला हवं. दोन बदलांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजा आणि महिन्यांतही मोजा. ऑइल लांब अंतराने बदलायच्या लाँगलाइफ पद्धतीत काही कंपन्या ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं चालतील असं सांगत आल्या आहेत. कागदोपत्री ते बिनचूक असतं, पण ज्या टर्बो गाड्यांची ऑइलं सुरुवातीपासून याच हिशेबाने बदलली गेली त्यांच्यात मला बहुतेक वेळा गाळ सापडलाय.

ऑइलचा नुसता ग्रेड जुळून पुरत नाही. ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. गाडीच्या पुस्तकात कंपनीच्या मंजुरीचा जो क्रमांक दिलाय, तोच बाटलीच्या मागे छापलेला असला पाहिजे.

२. डिपस्टिक, झाकण आणि टॉर्च

सपाट जागा, इंजिन बंद, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढा. काळा रंग पाहून घाबरू नका. ऑइल काळं झालं म्हणजे ते मळ अंगावर घेतंय. उलट विकायला काढलेल्या जुन्या गाडीत मधासारखं ताजं ऑइल दिसलं तर मला जास्त संशय येतो. पातळी खुणेच्या वर आहे आणि पेट्रोलचा वास येतोय? मग ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, हे नेहमीचं आहे. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही.

आता भरायचं झाकण उघडा. आतून पिवळट-पांढरा फेस दिसला की लोक थेट हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर) पोचतात. थांबा. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो साध्या दमटपणाचा असतो. झाकण पुसा, अर्धा तास नीट गरम होईपर्यंत गाडी चालवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. फेस परत आला आणि कूलंटची पातळीही उतरतेय, तर मात्र विषय वेगळा. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसत असेल तर इंजिन सुरूच करू नका.

टॉर्चने आत बघा. धातूवर तपकिरी-सोनेरी मुलामा असेल तर तो वयाचा भाग आहे, त्याने काही अडत नाही. बोट फिरवल्यावर काळी जेली हाताला आली किंवा नखाने कोळशाचे पापुद्रे निघाले तर निदान जवळपास झालंच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पुष्कळ इंजिनांत झाकणाखाली पत्रा असतो आणि खिडकीएवढाच भाग दिसतो. तेवढा भाग स्वच्छ निघाला म्हणून चेंबर स्वच्छ असेलच असं नाही.

३. ब्रीदर

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, झाकण काढा आणि भरायच्या तोंडावर एक साधा कागद धरा. तो हलकेच ओढला गेला तर ठीक. फडफडून वर उडाला तर आत दाब साठतोय: ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (वायू सोडणारी झडप) किंवा पाइप तुंबलाय, नाहीतर रिंगा थकल्यात. झाकण निघता निघत नाही आणि इंजिन शिट्टी मारतंय, तर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटलाय.

याला एवढं महत्त्व का, तर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) भागातली वाफ आणि जळके वायू बाहेर काढणं हेच ब्रीदरचं काम. तो तुंबला तर तुम्ही आज ओतलेलं उत्तम ऑइल काही महिन्यांत पुन्हा चिखल होणार. इंजिन साफ करून जुना पीसीव्ही तसाच ठेवणं म्हणजे फुटक्या छपराखाली फरशी पुसत बसणं. मी तो व्हॉल्व्ह आता तपासत बसत नाही, सरळ बदलतो. काही गाड्यांत तो हेडच्या कव्हरमध्येच घडवलेला असतो, मग अख्खं कव्हर बदलावं लागतं.

४. फिल्टर कापा

ऑइल बदलताना जुना फिल्टर टाकून देणं म्हणजे रक्ताचा रिपोर्ट न वाचता फाडून टाकणं. डब्याचा फिल्टर असेल तर फिल्टर कटरने कापा. करवतीने कापू नका, तिचाच कीस आत जातो आणि मग कशाचा धातू कुठला ते कळत नाही. आतला कागद उलगडून पांढऱ्या कापडावर पसरा आणि वरून चुंबक फिरवा.

चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे: चेन, कॅम, पंप. चुंबक सोडून देतो ती तांबूस-सोनेरी चमक बेअरिंगची, आणि ती दिसली तर खालच्या बहुतेक पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत, सरळ शेवटच्या भागाकडे जा. कडक प्लास्टिकचे तुकडे म्हणजे चेनच्या गाइडचे. बीएमडब्ल्यूच्या एन२० इंजिनात २०१२ नंतरची काही वर्षं हा दोष प्रसिद्ध होता: गाइड तुटायची आणि तिचे तुकडे थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसायचे. रबराचे काळे धागे दिसले आणि इंजिनात ऑइलमध्ये बुडून चालणारा टायमिंग बेल्ट असेल, तर बेल्ट झिजतोय.

फिल्टर पिचलेला असेल तर समजा की तो तुंबून ऑइल बायपास व्हॉल्व्हमधून, म्हणजे न गाळताच, फिरत होतं. फिल्टरमधल्या त्या छोट्या झडपेचं गणित सोपं आहे: अजिबात ऑइल न मिळण्यापेक्षा घाण ऑइल बरं.

जमल्यास थोडं ऑइल प्रयोगशाळेत पाठवा. गरम इंजिनातून, धार मध्यावर आली की भरून घ्या. रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं, शिसं, पेट्रोलचं प्रमाण आणि उरलेली क्षारकता कळते. थोडं विषयांतर, पण बीएमडब्ल्यूच्या एस६५ आणि एस८५ इंजिनांचे मालक हेच करून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर नजर ठेवतात. त्यात मेख अशी की नंतरच्या एस६५ मधल्या बेअरिंगमध्ये शिसंच नाही, तेव्हा शिसं शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊन चालत नाही.

५. स्कॅनर

कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि तिच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) अगदी बारीक जाळ्या असतात. गाळ आधी तिथे अडकतो, म्हणून पी००११ हा मला कित्येकदा इशारा वाटतो. लाइव्ह डेटात मागितलेला कोन आणि मिळालेला कोन शेजारी ठेवून बघा. मिळालेला कोन रेंगाळत असेल तर सोलेनॉइड काढून जाळी तपासा. इनटेक आणि एक्झॉस्टचे सोलेनॉइड एकसारखे असतील तर अदलाबदल करा. दोष जागा बदलतो का ते कळेल.

पी००१६ आला, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, आणि सकाळची खडखडही आहे, तर चेन ताणलेली असण्याची दाट शक्यता. कोड पुसून गाडी परत रस्त्यावर काढू नका.

६. खरं प्रेशर

इथून पुढे हाताला काळं लागतं. डॅशबोर्डवरचा दिवा हे मोजमाप नाही. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास लागतो, म्हणजे दिवा पेटला तेव्हा उशीर झालेला असतो. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज बसवा, ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापू द्या आणि आयडलला, २,००० ला आणि ३,५०० ला आकडे लिहून घ्या. तुलना गाडीच्या मॅन्युअलशीच करा. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा ढोबळ अंदाजापुरता ठीक, पण ज्या नव्या इंजिनांत बदलत्या दाबाचा पंप असतो तिथे पंप मुद्दाम कमी दाब ठेवतो आणि हा ठोकताळा फसतो.

आकडे वाचायचे कसे? थंड इंजिनात दाब छान, गरम आयडलला एकदम खाली, पण आरपीएम वाढवल्यावर पुन्हा वर: बेअरिंगमधल्या फटी वाढल्यात किंवा ऑइल पातळ झालंय. याउलट आयडलला ठीक, आणि आरपीएम चढवत नेल्यावर दाब वाढायचा थांबून खाली यायला लागला, सोबत पंपाचा कण्हल्यासारखा आवाज: पंपाला ओढायला ऑइलच पोचत नाही. म्हणजे जाळी बुजलीय, नाहीतर नळीच्या ओ-रिंगमधून हवा ओढली जातेय. हा दुसरा नमुना दिसला तर मला आनंद होतो, कारण इंजिन बहुधा वाचतं.

७. चेंबर

काही गाड्यांत हे दोन तासांचं काम, काहींत सबफ्रेम उतरवून इंजिन वरून टांगून धरावं लागतं. दुसऱ्या प्रकारची गाडी असेल आणि लिफ्ट नसेल तर इथेच थांबा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नका.

चेंबर उतरल्यावर तळाचा गाळ बोटाने चाचपून बघा. कण लागतायत का? मग नळीसकट जाळी काढा. तारेच्या ब्रशने घासू नका, जाळी फाटते आणि तिचेच तुकडे पंपात जातात. सॉल्व्हंटमध्ये भिजवून उजेडासमोर धरा. सगळी छिद्रं मोकळी दिसली नाहीत तर नवी घ्या. ओ-रिंग कशीही दिसली तरी नवीच. ॲल्युमिनियमचे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात, आणि घट्ट करायला टॉर्क रेंच हवाच. टर्बोला ऑइल नेणाऱ्या नळीकडेही बघा. सुबारूच्या ईजे टर्बो इंजिनांत तिच्या बोल्टमध्ये एक चिमुकली जाळी असते. ती बुजली की टर्बोचा जीव जातो आणि दोष टर्बोवर ढकलला जातो.

आता फ्लशबद्दल, म्हणजे गाळ सोडवायला ऑइलमध्ये ओतायच्या रसायनाबद्दल. सुरुवातीच्या काळात गाळ दिसला की मी सरळ फ्लशची बाटली ओतायचो. एका टर्बो गाडीत ओतली, सांगितल्याप्रमाणे आयडलला चालवली, काळंकुट्ट ऑइल बाहेर आलं, मालक खूश, मीही खूश. चौथ्या दिवशी हायवेवर कनेक्टिंग रॉडने ब्लॉकला भोक पाडलं. चेंबर उघडलं तर जाळीवर साबणाच्या वडीसारखा थर. वर्षानुवर्षं भिंतींना चिकटून बसलेला गाळ मी सोडवून दिला होता आणि त्याला जायला एकच वाट होती. नवं इंजिन माझ्या खिशातून गेलं. तेव्हापासून चेंबर उघडून जाळी बघितल्याशिवाय माझ्याकडे कुठल्याही इंजिनात फ्लश जात नाही. अजूनही बहुतेक वेळा तो जातच नाही.

मी करतो ते असं: जाळी आणि चेंबर साफ, पीसीव्ही नवा, योग्य मंजुरीचं सिंथेटिक ऑइल, नवा फिल्टर. मग १,००० किलोमीटरला ऑइल-फिल्टर दोन्ही बदलायचे, पुढे २,५०० ला पुन्हा, आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून बघायचा. ताज्या ऑइलमधली डिटर्जंट उरलेला गाळ सावकाश विरघळवतात. या काळात गाडी मोकळी चालवा, पण रेड लाइनला नेऊ नका. फिल्टर स्वच्छ निघायला लागला की ७-८ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.

कुठे थांबायचं

चालत्या गाडीत लाल दिवा पेटला तर बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. 'जवळच आहे, पोचू' म्हणणाऱ्यांची इंजिनं मी उघडली आहेत. गाडी टो करून न्या.

खालून जड ठकठक, जी गरम इंजिनात २,०००-२,५०० च्या आसपास वाढते आणि ॲक्सिलरेटर सोडताना बदलते, ती बेअरिंगची. टॅपेटची टिकटिक हलकी, वरून आणि क्रँकच्या निम्म्या गतीने येते. हा फरक कानाला कळत नसेल तर ठकठकच आहे असं धरून चाला. ठकठक, फिल्टरमध्ये तांबूस चमक, प्लास्टिकचे तुकडे, दुधाळ ऑइल, किंवा जाळी साफ करूनही गरम प्रेशर मॅन्युअलच्या खाली: यातलं एकही असेल तर पाना खाली ठेवा. आता सर्व्हिस करणाऱ्या गॅरेजचं काम राहिलं नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरणारा, क्रँक मोजून आकडे लिहून देणारा इंजिन बांधणारा माणूस गाठा. न मोजता 'नुसती बेअरिंग टाकून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

त्याला एक गोष्ट आधीच विचारा: ऑइल कूलरचं काय करणार? बेअरिंगचा कीस कूलरच्या बारीक वाटांमध्ये अडकून बसतो, कितीही धुतला तरी खात्री देता येत नाही, आणि नवं इंजिन सुरू झालं की पहिल्याच तासात तो पुन्हा फिरायला लागतो. कूलर नवा घ्या, टर्बोही उघडून तपासून घ्या. जाताना कापलेला फिल्टर तारीख लिहिलेल्या पिशवीत घालून न्या, प्रेशरचे आकडे आणि झाकणाखालचे फोटोही सोबत ठेवा. त्याचे दोन दिवस वाचतील.